चौदा नंबरची बाळंतीण

शीळफाटा ओलांडून डोंगराच्या अंगाला वळलं की कच्च्या रस्त्याच्या शेवटी परशुरामकाकांचं डुकरांचं फार्म लागतं. फाटकापासून चपला धुवायच्या टाकीपर्यंत वीसेक पावलं. दक्षता रोज ती वीस पावलं सावकाश चालायची, कान देऊन. आत न जाताच तिला कळायचं, कोण भुकेलंय, कुणाचं कुणाशी वाजलंय, कोण आजारी पडून गप्प झालंय. तीन वर्षं डुकरांच्या तब्येतीवर आणि खाण्यापिण्यावर संशोधन करायचं म्हणजे निम्मं काम कानांचंच.

त्या मंगळवारी ती फाटकाशी पोचली आणि आतून जी किंकाळी आली ती डुकराची नव्हती, बाईची होती.

चपला, टाकी, गमबूट, सगळं मागे टाकून ती धावली.

चौदा नंबरच्या कप्प्यात पेंढा लाल झाला होता. माद्यांची देखभाल करणाऱ्या मनुबाई भिंतीशी कुशीवर पडल्या होत्या आणि त्यांचा डावा हात कोपराखाली चौदा नंबरच्या जबड्यात होता. सव्वादोनशे किलोची ती मादी मान झटकत होती. गोधडी झटकतात तशी. प्रत्येक झटक्याला मनुबाईंचं सगळं अंग जमिनीवरून सरकत होतं. परशुरामकाकांचा पुतण्या केतन कठड्यावरून आत उडी मारून लोखंडी सळईने तिला हाणत होता. पहिला वार नाकावर बसला, दुसरा डोळ्याच्या वर. जबडा उघडला. मनुबाई हात पोटाशी धरून सरपटत दाराकडे आल्या. त्यांच्या पदराच्या ओच्यात तीन पिल्लं ओरडत होती.

केतन थांबला नाही. सळई वर गेली, खाली आली. पाठीवर. कुल्ल्यावर. मागच्या मांडीवर. "साली! पोरं खातेस? पोरं खातेस?" दर वाराला तो विचारत होता, जसं काही ती उत्तर देणार होती. मादी वळून त्याच्यावर आली, तो बाजूला झाला, ती भिंतीवर आदळली आणि सळई पुन्हा तिच्या मांडीवर बसली. सुकं लाकूड मोडावं तसा काहीतरी आवाज झाला. नंतर दक्षताला तो आवाज आठवणार होता. त्या वेळी तिला तो पेंढ्याखालच्या फळीचा वाटला.

"केतन! बास! बास म्हटलं ना!" ती त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याचं कोपर तिच्या ओठावर बसलं. तोंडात रक्ताची खारट चव आली. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, सळई पाहिली, आणि हात खाली आणला.

"सॉरी मॅडम. दिसलंच नाय."

मादी कोपऱ्यात जाऊन कोसळली होती. धापा टाकत होती. तिच्यापुढे पेंढ्यात पिल्लं पडली होती. एकाचं डोकं चिरडलेलं. एक भिंतीवर भिरकावलेलं, तिथे भिंतीवर त्याचा ठसा होता. एकाचं पोट उघडं. दक्षताने मोजली. आठ.

आणि नेमकी तेव्हा पदरातली ती तीन पिल्लं पुन्हा किंचाळली आणि दक्षताच्या अंगावर काटा आला, आणि काट्यामागोमाग दूध. कुडत्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पसरले. नऊ महिन्यांची प्राची तिकडे वर्तकनगरला आजीच्या मांडीवर खिमट खात असेल. शरीराला कुठे कळतं, रडणारं लेकरू कुणाचं आहे ते.

*

मनुबाई मुंब्र्याच्या खाडीकाठच्या. नवऱ्याची होडी होती तोवर मासळी विकायच्या. खाडीतली मासळी आटली तशा ठाण्यात बाळंतिणींकडे मालिशला जाऊ लागल्या. प्राची झाली तेव्हा सव्वा महिना त्यांनीच दक्षताचं आणि लेकीचं अंग चोळलं. पाटावर पाय पसरून बसायच्या, पायांवर पोर पालथं घालायचं, तेल-हळद, वरून कढत पाणी, मग निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी. हात असा, की रडणारं पोर मध्येच झोपी जायचं. दक्षताला वाटलं, हा हात माझ्या प्रयोगाला हवा. तिनेच त्यांना इथे आणलं.

प्रयोग म्हणजे काय, तर पिंजरा काढायचा. सगळीकडे व्यायला आलेली मादी लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यात घालतात. पुढे एक पाऊल, मागे एक पाऊल, वळायला जागा नाही, पाच-पाच आठवडे. कारणही खोटं नाही. मोकळी सोडली तर अंगाखाली पिल्लं चिरडतात. पण पिंजऱ्यातल्या माद्या पाइप चावून चावून दात मोडून घेतात, तोंडं रक्ताने भरतात, खांद्यांना बोट जाईल असे व्रण पडतात. दक्षताचं म्हणणं असं, की कप्पा मोठा द्या, भिंतीला पिल्लांपुरता आडोसा द्या, घरटं करायला पेंढा द्या, व्यायच्या आधी खाण्यात कोंडा वाढवा म्हणजे मादीचं पोट साफ आणि डोकं शांत राहतं. ती पिल्लं सांभाळते.

हे तिला पुस्तकातून सुचलेलं, पण पटलं मात्र स्वतःच्या बाळंतपणात. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली. सहा आठवडे. कूस बदलायलाही विचारायचं. चौथ्या आठवड्यात तिने उशीचा अभ्रा दातांनी फाडला होता. नवऱ्याला वाटलं, कळा आल्या.

परशुरामकाकांनी मुश्किलीने परवानगी दिली. आठ माद्या मोकळ्या, आठ पिंजऱ्यात, बघू कुणाची पिल्लं जगतात. वर एक अट. "बाय, अंगाखाली एखादं मेलं तर मी समजून घेईन. पण एकीनं जरी तोंड लावलं पिल्लाला, तर ती पंढरी खाटकाच्या सुरीखाली, आणि बाकीच्या सात जणी त्याच दिवशी लोखंडात. मंग माझ्याशी वाद घालायचा नाय."

मोकळ्यातली पहिली व्याली ती चौदा नंबर. कागदावर चौदा. मनुबाईंसाठी लाडी.

*

परशुरामकाका गाडीतून उतरले ते सरळ कप्प्यापाशी आले. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. कठड्यावर हात ठेवून त्यांनी आत पाहिलं. मग खिशातून फोन काढला.

"पंढरी? कुठं हाय तू? ... डोंबिवलीला? मंग दुपारच्याला ये. मोठी हाय, दोन माणसं घेऊन ये."

"काका, थांबा जरा."

"बोललोवतो ना तुला?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "रक्ताची चटक लागली तिला. पुढल्या येताला पण खाईल. केतन, जेवणं झाली की सात जणींना पिंजऱ्यात घाल."

"दुपारपर्यंत वेळ द्या. कारण शोधते. कारणाशिवाय कुठली आई..."

"आई?" काका वळले. "डॉक्टर, जनावर हाय ते. तू शिकलेली, तू तरी असं बोलू नको."

काका गेले तशी ती कामाला लागली. आधी मनुबाईंचा हात धुतला. चार दात आरपार गेले होते, मांस लोंबत होतं, हाड वाचलं होतं. घट्ट पट्टी बांधून तिने केतनला सांगितलं, टेम्पो काढ आणि ह्यांना कळव्याला दवाखान्यात ने.

"नाय जानार," मनुबाई म्हणाल्या. पदरात पिल्लं तशीच. "यांना दूध कोन पाजील? दुपारपर्यंत मी काय मरत नाय."

"मावशी, हट्ट करू नका."

"तू कर गो तुजा काम."

काम म्हणजे कारण. पहिला संशय तिला खाण्याचा आला. केतन रोज खोपटच्या आणि डोंबिवलीच्या हॉटेलांतून उरलंसुरलं आणतो. लोणची, पापड, खारवलेलं काहीबाही. मीठ जास्त झालं की डुकराच्या डोक्यात जातं, झटके येतात, आंधळ्यासारखं वागतं. आणि न उकळता घातलं तर रोगराई वेगळी. तिने ड्रमचं झाकण उघडून वास घेतला.

"काल हे उकळलं होतंस ना रे?"

केतनचा चेहराच पडला. "मॅडम, म्हणजे माझ्यावर आलं का सगळं?"

"विचारतेय फक्त."

"तासभर उकळलंय. तुमचा तो थर्मामीटर घालून फोटो पण टाकलेला ग्रुपवर. बघा ना. आणि चौदा नंबरला ह्यातलं दिलंच नाय, तिला तुमचा मका, सोयापेंड आणि कोंडा. तुम्हीच लिहून दिलेलं, तुम्हीच विसरता." त्याने हात झटकले. हातांवर वाळलेलं रक्त होतं. "मी आत नसतो गेलेलो तर आज मावशीचा हात गेला असता. ते कोण नाय बोलणार. सळई मारली ते तेवढं बोलणार सगळे."

तिला लाज वाटली. तो खरं बोलत होता. "सॉरी," ती म्हणाली. तो ऐकायला थांबला नाही.

मग उरली ती आठ पिल्लं.

*

गोदामामागे सिमेंटचा कट्टा होता, तिथे ती मेलेली जनावरं उघडून बघायची. तिने आठही ओळीने मांडली. तळहाताहून थोडी मोठी, गुलाबी, पापण्या पांढऱ्या. ज्याचं डोकं शाबूत होतं ते आधी घेतलं. हातमोजे, सुरी, बेंबीपासून वर एक रेघ. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला. तरंगला. म्हणजे श्वास घेतलेला. मग जठर उघडलं आणि सुरी तशीच हातात राहिली.

जठर भरलेलं होतं. पिवळसर, दाट, नुकताच साकळू लागलेला चीक.

दुसरं उघडलं. तेही भरलेलं. तिसरं. चौथं. चौघांचीही पोटं तट्ट.

पाजलं होतं तिने. एकूणएक पिल्लाला आचळाशी घेऊन पोटभर पाजलं, आणि त्यानंतर मारलं. चटक लागलेली मादी आधी पाजत बसत नाही. मध्ये काहीतरी घडलं होतं. चीक पाजणं आणि जबडा, ह्यांच्या मधल्या तासाभरात काहीतरी आलं होतं.

पाचवं पिल्लू हातात घेऊन ती वाकली आणि तिच्या छातीत पुन्हा दूध भरून आलं. कुणी ओरडलं नव्हतं. सगळं शांत होतं. तिला कळेना, आता कशाने. तिने श्वास घेतला. रक्ताचा वास, आतड्यांचा, पेंढ्याचा. त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, प्राचीचा वास.

ती दचकून मागे झाली. मग हातमोजा काढला आणि उघड्या बोटाने पिल्लाच्या कानामागची वळी उलगडली. बोटाला पिवळं लागलं. हळद. खोबरेल तेल. ओव्याच्या धुरीचा तो गोडूस कडवट वास. सव्वा महिना रोज सकाळी ज्या वासात तिने नाक खुपसलं होतं, तो वास एका फाडलेल्या डुकराच्या पिल्लाला येत होता.

तिने बाकीची पाहिली. आठही जणांच्या कानांमागे, काखेत, शेपटीच्या मुळाशी पिवळं.

मनुबाई बॉयलरच्या उबेला बसल्या होत्या. एका हाताने बाटलीतून बकरीचं दूध पाजायचा खटाटोप चालला होता. पिल्लं तोंड फिरवत होती. दक्षता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तीन पिल्लांपैकी एकाचा कान उलटा केला. स्वच्छ. पिवळं नाही. अंगावर जन्माच्या वेळचा चिकटा वाळून खपली झालेला.

"मावशी, ही तीन न्हायची राहिली?"

मनुबाई एकदम उजळल्या. दुखरा हात विसरून बोलू लागल्या. "सकाली सगली बाहेर आली, वार पन परली. मंग बगतंय तं काय, अंगावर सगला चिकटा. दया आली गो. घमेल्यात गरम पानी घेतला, दोन दोन करून आनली. लाडी झोपलेली, मना कई बोलली नाय, मना वलखते ती. तेल चोललं, हलद लावली, धुरी दिली. आठ झाली नं केतनचा टेंपो वाजला. तुम्ही सांगलेला कोनी आत जावाचा नाय, म्हनून आठ घाईघाईन आत ठेवली. नि..." त्या थांबल्या. "नि तिनं हुंगलं. पयलं हुंगलं. मंग दुसरं. आनि मंग पिसालली."

"आणि ही तीन?"

"ही तिचे पोटाशीच व्हती. यांना दात पन नाय लावला. मीच उचलली, चेंगरतील म्हनून. तेवा मना धरला." दक्षताचा चेहरा पाहून त्यांचा आवाज बारीक झाला. "कय झाला गो? तूच सांगलंस ना पयल्या दिवशी. बाळंतीण समजून जपा तिला म्हनून. मंग बालंतिनीची पोरा बिन आंघोलीची ठेवाची?"

सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, सगळ्यांना उभं करून, मोठ्या कौतुकाने. इंग्रजीतले नियम ह्यांना कशाला, आपल्या भाषेत सांगू, मनाला भिडेल. आणि ज्या बाईने आयुष्यात शे-दीडशे बाळंतिणी उठवल्या तिच्यासमोर ती ते वाक्य बोलली होती.

डुकरीण पिल्लाला डोळ्यांनी ओळखत नाही. नाकाने ओळखते. मनुबाईंनी मायेने आईचा वास धुऊन काढला आणि त्या जागी माणसाचा वास चोळला. लाडी डोळे मिटून पडली होती, अंगातलं निम्मं रक्त सांडून. जागी झाली तेव्हा घरट्यात आठ परकी शिरली होती आणि पोटाशी तिची तीन होती. तिने आपल्या तिघांना वाचवलं होतं.

दक्षताने हे मनुबाईंना सांगितलं. सांगायला हवं होतं का, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही. मनुबाईंनी ऐकलं. मग पट्टी बांधलेला तो हात वर उचलून त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. एकदा. दोनदा. पट्टीतून रक्त फुटलं.

"मावशी! नका! नका ना." तिने तो हात धरला. "चूक माझी आहे. माझी."

*

"म्हणजे मावशीनं मारली," परशुरामकाका म्हणाले. मेलेलं पिल्लू त्यांनी नाकाशी नेऊन हुंगलं होतं, तोंड वाकडं न करता. तेवढं मात्र दक्षताला आवडलं.

"मी मारली. मी त्यांना तसं सांगितलं होतं."

"तू काय तेल चोळायला सांगितलंवतं?"

"बाळंतीण म्हणाले. त्यांना त्याचा एकच अर्थ माहीत आहे. मला विचार करायला हवा होता." ओठ सुजल्याने शब्द जड येत होते. "काका, मावशींना काढायचं तर मलाही काढा. पण चौदा नंबरने काहीही चुकीचं केलेलं नाही. तिने ओळखीची ठेवली, परकी हाकलली. ती तीन तिला परत देऊन बघते. आज आणखी चीक पोटात गेला नाही तर ती उद्यापर्यंत मरतील, बकरीच्या दुधावर नाही जगायची. तिने घेतली तर ती आणि बाकीच्या सात मोकळ्या राहतील. नाही घेतली तर पंढरीकाका आहेतच."

"आनि तुला धरलान तर? तुझं पोर लहान हाय."

"आधी गुंगीचं इंजेक्शन देते. आणि दुखणं कमी व्हायचं."

"सुई टोचलीस तर औषध भिनलेलं मांस पंढरी उचलणार नाय."

"म्हणूनच आधी टोचते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चाव्यांचा जुडगा एकदा वाजवला. "वकील व्हायला पायजे होतीस," ते म्हणाले. "जा."

केतनने न सांगता जाड फळी आणली, आडवी धरायला. सळई कुठेतरी टाकून आला होता. दक्षताने लांब नळीने कानामागे सुई दिली. लाडी वळून नळीवर आली, दात कठड्याच्या पाइपावर आपटले, एक दात तुटून पेंढ्यात पडला. मग हळूहळू मान खाली आली. ती पाठ भिंतीला लावून आडवी झाली. मागचा एक पाय वेडावाकडा पसरलेला. सुईचा अंमल, दक्षताला वाटलं.

त्यांनी पिल्लं कोमट पाण्याने पुसली नाहीत. मनुबाईंनी आपणहून हात मागे घेतला. दक्षताने कप्प्यातला ओला पेंढा, वारेचा वाळायला लागलेला तुकडा, लाडीचं मूत भिनलेली माती, सगळं मुठीने उचललं आणि तिन्ही पिल्लांना डोक्यापासून शेपटीपर्यंत फासलं. स्वतःच्या दोन्ही हातांनाही, कोपरापर्यंत. मनुबाई कठड्यापलीकडून बघत होत्या. आयुष्यभर जे धुऊन काढलं ते ही पोरगी परत माखत होती.

पहिलं पिल्लू तिने तोंडापासून लांब, आचळांच्या टोकाला ठेवलं. लाडीचं डोकं उठलं. गुंगीतही उठलं. तिने मान फिरवली, पिल्लाला गाठलं आणि तोंडात धरलं.

"मॅडम!" केतन फळी घेऊन पुढे झेपावला.

"थांब."

पिल्लू किंचाळत होतं. लाडीच्या ओठांवर आधीच्या आठ जणांचं रक्त वाळलं होतं. दक्षता दीड हातावर गुडघ्यांवर बसली होती, आणि तिला स्वच्छ कळत होतं की जबडा मिटला तर आपण काही करू शकणार नाही, हात घालायला वेळही नाही. नाकपुड्या फुलल्या. मिटल्या. पुन्हा फुलल्या. लाडीने पिल्लू खाली ठेवलं. जिभेने एकदा पालथं केलं, हुंगलं, नाकाने पोटाकडे ढकललं.

दुसऱ्याला तिने नुसतं हुंगलं. तिसऱ्याला तेवढंही नाही. कुशीवर होऊन तिने वरची आचळं उघडी केली आणि घशातून तो आवाज सुरू झाला, दूध सोडायच्या वेळचा. हुं, हुं, हुं. आधी सावकाश, मग भरभर. तीन शेपट्या थरथरू लागल्या.

दक्षताचं कुडतं पार भिजलं होतं. तिने झाकलं नाही. कठड्यापलीकडे मनुबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या.

परशुरामकाका कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. "केतन," ते म्हणाले, "सात जणींच्या दारांना कड्या लाव. मोकळ्याच ठेव. व्याली की दिवसभर कोण आत जायचं नाय. मावशीनं नाय, तू नाय, डॉक्टरनं पण नाय."

"आणि मावशी?" दक्षताने विचारलं.

"मावशी आधी दवाखान्यात. मंग कामावर. ह्या वयात दुसरं काम कोण देणार तिला?"

*

अर्ध्या तासाने लाडीने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय टेकले, अंग उचललं आणि मागून ती धप्पकन बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. एक पिल्लू थोडक्यात वाचलं. दक्षताने आत जाऊन तिच्या मागच्या मांडीवर हात ठेवला. लाडी ओरडली नाही, नुसती थरथरली. मांडी गरम होती, दुप्पट सुजलेली, आणि कातड्याखाली हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासत होती. सुकं लाकूड मोडल्यासारखा तो आवाज. फळीचा नव्हता तर.

सव्वादोनशे किलोच्या जनावराची मांडी जोडता येत नाही. तिला माहीत होतं. तरी तिने दोनदा तपासलं.

केतन कठड्याशी उभा होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"पहिले दोन मावशीसाठी होते, मॅडम," तो म्हणाला.

"माहितीय."

बाकीच्यांचं त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तो तिथेच खाली बसला, हात गुडघ्यांत घालून.

फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला. सकाळपासून ज्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून ती भांडत होती, त्याच्यासाठी फाटक उघडायला तीच चालत गेली. पंढरी म्हणजे उंच, वाकलेला, कानात भिकबाळी घातलेला म्हातारा. सुरी पोत्यात गुंडाळून काखेत धरलेली. तिच्याकडे पाहून तो थबकला. फुटका ओठ, कोपरापर्यंत घाण, छातीवर ओलं.

"मांस मिळणार नाही काका," ती म्हणाली. "सुई दिलीय. खड्ड्यात चुना टाकून पुरावं लागेल. पण तिचा पाय मोडलाय. माझ्याकडे कायमचं झोपवायचं औषध एवढ्या मोठ्या जनावराला पुरेल एवढं नाही. अर्धवट नको व्हायला."

"एका घावात करीन," पंढरी म्हणाला. "मांसाचं काय नाय."

ती त्याला कप्प्यापाशी घेऊन आली. परशुरामकाका बाजूला सरले. लाडी कुशीवर पडली होती. घशातला तो आवाज पुन्हा सुरू झाला होता, हुं, हुं, हुं. तिघं आपापल्या आचळाला चिकटली होती आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या आचळांतून चीक आपोआप ठिबकत पेंढ्यात जिरत होता. मनुबाई कठड्यावरून वाकून आपल्या शाबूत हाताने तिच्या कपाळावर, दोन वारांच्या मधल्या जागेत, सावकाश चोळत होत्या. तेल न लावता.

पंढरीने ते पाहिलं. काखेतलं पोतं काढून भिंतीआड, लाडीला दिसणार नाही असं ठेवलं. मग टाचांवर बसला आणि डोक्याचा टॉवेल सोडून मानेचा घाम पुसला.

"पिऊ दे त्यांना," तो म्हणाला. "मना घाई नाय."